चौथा पुकारा

आमच्या गिरण्यांच्या गावातलं कामगार कोर्ट नव्या इमारतीत गेलं, तेव्हा त्याच्या इतिहासाची स्मरणिका काढायचं ठरलं. हेडक्लार्क घरी येऊन म्हणाले, "मावशी, इतकी वर्षं दारात उभं राहून पुकारा केलात. अर्धं पान लिहा, फोटोसकट छापू. पण चांगलं लिहा." चांगलं म्हणजे काय, ते मला बरोबर कळलं. मी मला मिळालेल्या मेमोबद्दल लिहिलं.

नवऱ्याच्या माघारी मी त्याच्या जागेवर शिपाई म्हणून लागले. जज्जसाहेबांनी प्रकरण घेतलं की व्हरांड्यात यायचं आणि अर्जदाराचं नाव तीनदा मोठ्यानं पुकारायचं. तिसऱ्यालाही कोणी उठलं नाही, तर अर्ज निकाली.

त्या दिवशी कापसाच्या जिनिंगमधल्या एका बाईचा अर्ज होता. यंत्रात तिची तीन बोटं गेली होती आणि मालकानं तिला कामावरून काढलं होतं. तिला तिचं काम परत हवं होतं, बाकी काही नाही. मी तीनदा पुकारलं. कोणी हललं नाही. मालकाचे वकील लगेच म्हणाले, "अर्जदार गैरहजर. अर्ज निकाली काढावा."

माझी नजर जिन्याखालच्या बाकड्यावर गेली. एक बाई सकाळपासून तिथंच बसली होती, उजवा हात पदरात लपवून. मी जवळ जाऊन विचारलं, "बाई, कुठली तुमी?"

"किनवटची."

"मंग नाव पुकारलं तर उठल्या का न्हाई?"

"माझं कवा पुकारलं? मला समदे किनवटवाली म्हन्तेत."

कागदावर होतं ते तिचं लग्नातलं नाव. नवऱ्यानं ताटातल्या तांदळात बोटानं लिहिलेलं, आणि त्यानंतर कोणी उच्चारलंही नसलेलं. मला हे कळायला हवं होतं, कारण मी स्वतः सासरी माहेरच्या गावावरून नायगाववाली. माझंही लग्नातलं नाव फक्त पगारपत्रकावर.

मी दारात गेले आणि भरल्या कोर्टात ओरडले, "किनवटवाली हाजिर हो!"

साहेब चिडले. "तीन पुकारे झाले. हा चौथा कोणी सांगितला?"

"कोणी न्हाई, साहेब. पयले तीन तिचे नव्हतेच."

वकील हरकत घेत राहिले, पण तोवर ती आत येऊन उभी होती. समोर उभ्या माणसाला गैरहजर कसं लिहिणार? अर्ज चालला आणि पुढं तिला काम परत मिळालं. मला मिळाला मेमो, वर्तन शिस्तीला सोडून असल्याचा. खुलाशात मी एकच ओळ लिहिली: पुन्हा असंच करीन. आणि केलंही. निवृत्त होईपर्यंत प्रत्येक बाईला मी आधी माहेरचं गाव विचारलं आणि त्या गावानं हाक मारली.

हेडक्लार्क म्हणाले, "मेमोचं तेवढं काढू या." मी म्हटलं, "मग माझा फोटोही काढून टाका." त्यांनी दोन्ही काढलं. छापलेल्या इतिहासात साहेबांचे फोटो आहेत, नव्या इमारतीचा आहे, मी नाही. राग आला, अजूनही येतो.

नव्या इमारतीत भोंग्यातून नावं येतात, तीनदाच. सोमवारी मी तिथं जाऊन बसते. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कोणी उठलं नाही, की मी उभी राहते आणि बसलेल्या बायांना विचारते, "कोण कुठली गं?" पहारेकरी म्हणतो, "आजी, इथं ओरडायचं नसतं."

मी पुन्हा विचारते, अजून मोठ्यानं.