सेलोकर गुरुजी आणि पुढे टाकलेला पाय

श्री. यादवराव सेलोकर गुरुजींची आणि माझी पहिली भेट भंडाऱ्यात गजाननभाऊंच्या पितळी भांड्यांच्या दुकानात झाली. चुलतबहिणीच्या लग्नात द्यायला पाण्याचा गुंड, म्हणजे मोठी पितळी घागर, घ्यावा म्हणून मी गेलो होतो. दुकानाच्या मागच्या भागात, पराती-घागरींच्या चळतींमध्ये, पांढरा सदरा घातलेले एक वयस्क गृहस्थ वहीतून वाचून दाखवत होते, "जमीन जड आहे. काल पाऊस झाला. उताराच्या अंगाला पाणी साचून असणार. सात नंबरवर वजन जास्त, त्याचं काही खरं नाही." चार माणसं माना डोलावत होती. मला वाटलं, महसूल खात्यातून निवृत्त झालेले कुणी अतिवृष्टीचे पंचनामे समजावून सांगताहेत. सात नंबर हा कुणी स्थूल शेतकरी असावा असं समजून मी त्याच्याबद्दल मनात हळहळलोही.

न राहवून मी विचारलं, "कोणतं गाव आहे हे?"

"वेल्स," गुरुजी म्हणाले.

"मोहाडी तालुक्यात?"

"नाही जी. इंग्लंडच्या बाजूले."

मग गजाननभाऊंनी खुलासा केला. विलायतेत त्या दिवशी घोड्यांच्या सहा शर्यती होत्या आणि त्यांत कोणता घोडा पुढे येईल याचं भाकीत, विलायतेतल्या वाचकांसाठी, भंडाऱ्यात लिहून झालं होतं. ते लिहिणारे इंग्रजीचे निवृत्त शिक्षक माझ्यासमोर बसले होते. मी व्यंगलेख लिहून पोट भरतो. त्या दिवशी मला माझ्या धंद्याची लाज वाटली. मला असलं काही सुचलंच नसतं.

गुरुजी मूळचे करडी गावचे. भंडाऱ्याच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर त्यांचा एक जुना विद्यार्थी भेटला. त्याने नागपुरात कार्यालय थाटलं होतं आणि परदेशी संकेतस्थळांना मजकूर पुरवण्याचा व्यवसाय मांडला होता. शर्यतींचा मजकूर लिहायला कुणी तयार नव्हतं. गुरुजींनी होकार दिला. घोड्यांशी त्यांचा तोवरचा प्रत्यक्ष संबंध एकच होता. स्वतःच्या वरातीत ते घोडीवर बसले होते आणि बँडवाल्यांना घाबरून ती घोडी त्यांना घेऊन मांडवाऐवजी बसस्टँडवर गेली होती.

पण काम हाती घेतलं की ते अंगाला लावून घ्यायचं, हा गुरुजींचा स्वभाव. रोज सकाळी सहाला ते तिथल्या मैदानांचा अहवाल वाचत. तिथे शर्यतीआधी माती किती ओली, किती घट्ट, हे जाहीर करतात. करडीच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, गुडघाभर चिखलात रोवणी केलेल्या माणसाला तो अहवाल वेगळा समजावून द्यावा लागत नव्हता. मग प्रत्येक घोड्याच्या मागच्या धावा, पाठीवरचं वजन, स्वार, वाटेत ओलांडायच्या अडसरांची उंची. घोड्यांच्या चित्रफिती ते पुन्हा पुन्हा थांबवून पाहत. दुपारपर्यंत मजकूर नागपूरला जाई आणि तिथून विलायतेला. लेखाखाली नाव मात्र कुण्या कल्पित इंग्रज गृहस्थाचं असे. तो म्हणे यॉर्कशायरमध्ये राहतो आणि त्याच्याकडे दोन कुत्रे आहेत. "कुत्रे कायले दिले त्याले?" असं गुरुजींनी एकदा विचारलं होतं. विश्वास बसतो म्हणून, असं उत्तर आलं.

संध्याकाळी पहिली शर्यत सुटायच्या वेळेला मंडळी दुकानात जमत. गजाननभाऊंचा मोबाइल एका कळशीला टेकवलेला असे. गुरुजी घोड्यांची नावं आम्हाला मराठीत करून सांगत, त्यामुळे आमच्या दुकानात "म्हातारी मैना", "सासऱ्याची टोपी" असले घोडे धावत. अट एकच होती. पैसे लावायचे नाहीत. ज्याचा घोडा मागे राहील त्याने सगळ्यांच्या कपबश्या धुवायच्या. मंडळीतल्या एका कापडवाल्याने गुपचूप पैसे लावल्याचं कळलं तेव्हा गुरुजी आठ दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत. नवव्या दिवशी कापडवाला त्यांच्या घरी जाऊन सगळी भांडी घासून आला. तेव्हा प्रकरण मिटलं.

गुरुजींच्या मायेचा एक प्रसंग माझ्या घरचा आहे. माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. नातेवाईक यायचे, त्यांच्या उशाशी बसून आपापसात मोठ्याने बोलायचे, जणू वाचेबरोबर कानही गेले. गुरुजी रोज दुपारी यायचे आणि बाबांना त्या दिवसाची यादी वाचून दाखवायचे. एकेका घोड्याची तब्येत, जमिनीची स्थिती. शेवटी विचारायचे, "बोला, अण्णाजी. कोणता?" बाबा डाव्या हाताची बोटं उचलायचे. तीन बोटं, तीन नंबर. हाताला पाचच बोटं असल्याने बाबांचा घोडा कधी पाचाच्या पुढचा नसायचा, म्हणून गुरुजी क्रमांक बदलून चांगले घोडे पहिल्या पाचांत आणून ठेवायचे, हे मला फार उशिरा कळलं. बाबा गेले त्या दिवशी दोन बोटं उचलून गेले. तो घोडा चौथा आला. गुरुजींनी मला सांगितलं, पहिला आला. एवढं एकच खोटं मी त्यांच्या तोंडून ऐकलं आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायचा, त्या गोष्टीकडे येतो.

तीन हिवाळ्यांपूर्वी एका शर्यतीत सात वर्षांचा तांबडा घोडा होता. दुकानातलं त्याचं नाव "शिंप्याचा कंदील". गुरुजींनी त्याचं नाव पहिलं दिलं होतं. पंधरा दिवस आधीच्या चित्रफितीत तो घोडा उजवा पुढचा पाय जरा पुढे टाकून उभा होता. गुरुजींचं बालपण शंकरपटात गेलेलं. बैलजोड्यांच्या शर्यतीला आमच्याकडे पट म्हणतात. पटाच्या दाणीवर, म्हणजे जोड्या सुटतात त्या ठिकाणी, बैल असा पाय पुढे टाकून उभा राहिला की करडीतली जुनी माणसं म्हणत, याला सुटायची घाई आहे. गुरुजींनी तेच सुरेख इंग्रजीत लिहिलं. घोडा उतावीळ आहे, आज कुणाला ऐकणार नाही.

तिसरी शर्यत. कंदील पुढेच होता. शेवटून दुसरा अडसर त्याने स्वच्छ ओलांडला. आम्ही उभे राहिलो. मग सपाट जमिनीवर, काही कारण नसताना, त्याचा उजवा पाय खाली गेला आणि वर आलाच नाही. स्वार उठून बसला. घोडा उठायला पाहत होता. माणसं धावत आली आणि त्यांनी भोवती हिरवे पडदे धरले. कॅमेरा दुसरीकडे वळला.

"पडदे कायले लावले जी?" गजाननभाऊंनी विचारलं. "इलाज करून राहिले का?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "त्याले मारताना लोकाईले दिसू नये म्हणून."

त्या दिवशी कपबश्या कुणीच धुतल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी घोड्याच्या पायांबद्दल मिळेल ते वाचून काढलं. मग त्या दिवसाच्या मजकुराच्या सुरुवातीला एक परिच्छेद लिहिला. नागपूरहून तो कापून मजकूर पुढे गेला. गुरुजींनी फोन केला, तेव्हा मी शेजारी होतो. पलीकडून विद्यार्थी अगदी नम्रपणे म्हणाला, "गुरुजी, तुमच्या लिहिण्यात शंकरपट आहे. आपला लेखक यॉर्कशायरचा आहे. त्याच्या गावात पट कुठून येईल?"

"मंग माझ्या नावानं छाप."

"तुमचं नाव तिकडं कोणाले माहीत आहे, गुरुजी?"

गुरुजींनी ते काम त्याच दिवशी सोडलं. मी त्यांची समजूत घालायला गेलो. घोडा काही त्यांच्या लिहिण्याने मेला नाही, असं मी म्हणालो. व्यंगलेखक असल्याने माझा असा समज आहे, की लिहिण्याने कुणाचं काही होत नाही.

"लिहिण्यानं मेला नाही," ते म्हणाले. "पण मले दिसलं होतं. त्या पायावर तो भार देऊन नोहता राहिला. मी पाह्यलं न् उलटं वाचलं. 'याचा पाय दुखते' एवढं लिवलं असतं, तं तिकडं एखाद्यानं वाचलं असतं. कोणी त्याले दाणीवरून मागं नेलं असतं. आता सांगा, नसतं नेलं?"

 

दुकानात मात्र गुरुजींची वही सुरू राहिली. आता पहिल्या पानावर घोडा कसा धावतो ते नसतं, कसा उभा राहतो ते असतं. एकदा यॉर्कशायरमधल्याच एका घोड्याचा पाय त्यांना तसाच दिसला. त्यांनी त्याच्या तबेल्याला पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. पण शर्यतीच्या दिवशी त्या घोड्याचं नाव यादीतून निघालेलं होतं. गजाननभाऊंनी पेढे आणले. गुरुजींनी घेतला नाही. "माझ्यानं झालं काहून म्हणता? तिकडं पाऊसही होता," एवढंच म्हणाले.

यंदा गुरुजींना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. गौरव समितीचे अध्यक्ष अर्थातच गजाननभाऊ. मानपत्राच्या मसुद्यात त्यांनी "अचूक भाकितांचे महामेरू" असं लिहिलं होतं. गुरुजींनी "अचूक" खोडलं, मग "महामेरू" खोडलं, आणि अट घातली, की कापलेला परिच्छेद गौरवग्रंथात छापला तरच ते समारंभाला येतील.

"गौरवग्रंथात चूक छापाची म्हणजे वरातीत मयताची बातमी सांगाची, गुरुजी!" गजाननभाऊ कळवळले. "मागाहून कधी छापू."

"मागाहून कधी? मी मेल्यावर?" गुरुजींचं हृदय थकलेलं आहे, नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना जिने चढायला मनाई केली आहे. "मेल्यावर छापसान तं लोक म्हणतीन, म्हातारा किती चांगला होता. आता छापा. म्हणजे ज्याले शिव्या द्याच्या आहेत त्याले देता येतीन."

समितीच्या तीन बैठका झाल्या. अखेर गजाननभाऊ मला म्हणाले, "ग्रंथातल्या तुमच्या लेखात घाला जी. तुमचं लिहिणं लोक तसंही खरं मानत नाहीत."

म्हणून हा मान माझ्याकडे आला. माझ्या नेहमीच्या वाचकांना विनंती, की पुढचा मजकूर माझा नाही आणि तो खरा आहे. मूळ परिच्छेद इंग्रजीत होता, मराठी गुरुजींचंच.

"काल तिसऱ्या शर्यतीत मी ज्या घोड्याचं नाव पहिलं दिलं, तो आज जिवंत नाही. आधीच्या चित्रफितीत तो पुढचा पाय पुढे टाकून उभा होता. माझ्या गावी पटाचा बैल असा उभा राहिला तर त्याला सुटायची घाई आहे असं समजतात. मी तसंच लिहिलं. घोडा पुढचा पाय दुखत असला की त्यावरचा भार काढून असा उभा राहतो. हे मी घोडा मेल्यावर वाचलं. आधी वाचायला हवं होतं. ज्यांनी त्या घोड्याला रोज दाणा दिला, त्यांची मी क्षमा मागतो. माझं पुढचं लिहिणं वाचताना वाचकांनी ही चूक लक्षात ठेवावी. यादवराव सेलोकर, भंडारा."

परवा गुरुजी दुकानात आले. पायऱ्या तीनच आहेत. दुसऱ्या पायरीवर ते उजवा पाय पुढे टाकून उभे राहिले, कठड्याला धरून, थोडा वेळ. आतून गजाननभाऊ ओरडले, "पाहा, गुरुजीले शर्यतीची केवढी घाई झाली!"

मी आतली खुर्ची उचलली आणि दारात नेऊन ठेवली. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, आपल्या पायाकडे पाहिलं आणि बसले. "बरोबर वाचलं," म्हणाले.

त्या खुर्चीत बसून त्यांनी अजून पुष्कळ वर्षं, थकलेल्या हृदयाला फार न दमवता, आमचे घोडे मागे पाडावेत आणि आमच्याकडून कपबश्या धुऊन घ्याव्यात. खुर्ची आता दारातच राहील.