डोहाच्या काठची जमीन

ज्या सरांनी मला शाळेत भूगोल शिकवला, त्यांनीच मला जमिनीच्या अदलाबदलीत फसवलं. गाव म्हणतं, नदीनं फसवलं. नदीला व्यवहार कळत नाही. सरांना कळतो.

आमचं शिवार शिरूर तालुक्यात, भीमेच्या अलीकडे. पलीकडे दौंड. ढग घाटमाथ्यावरच रिकामे होतात, आमच्यापर्यंत पोचतात तेव्हा त्यांच्यात फारसं काही उरलेलं नसतं. म्हणून आमची शेती दुसरीकडे पडलेल्या पावसावर, म्हणजे नदीवर. उन्हाळ्यात ज्याच्या मोटारीला पाणी, तो बागायतदार.

मी दौंडच्या बाजारात भाजीची टोपली घेऊन बसले, व्यापाऱ्यांशी भांडून भाव घ्यायला शिकले, पुढे पक्कं दुकान केलं आणि त्यातून नदीकाठचं रान घेतलं. नवऱ्याचं नाही, सासऱ्याचं नाही, माझ्या नावावरचं. आमच्या हद्दीत नदी दोनदा वळते. वरच्या वळणाला ती आमच्या काठाला घासून जाते. तिथं डोह आहे आणि तिथं सरांचं रान होतं. खालच्या वळणाला ती दौंडच्या काठाकडे सरकते, आमच्या बाजूला नुसती वाळू आणि गाळ. तिथं माझं रान. होळी झाली की पाणी लांब जायचं आणि मी पाइपाला पाइप जोडत वाळूतून त्याच्यामागं जायची.

म्हणून मीच सरांच्या ओट्यावर गेले आणि रानाला रान बदलून मागितलं. त्यांनी चहा दिला आणि नकार दिला. पुन्हा गेले, पुन्हा नकार.

"डोह सोडून वाळूत यायला मी खुळा हाय व्हय, पोरी?" असं म्हणून हसले.

समोरचा अडून बसला की माल चोख असतो, हे मी बाजारात शिकले होते. मी हट्टाला पेटले. बांधावरची चिंचेची झाडंही देऊ केली, तेव्हा कुठं ते नाइलाज असल्यासारखं 'बरं' म्हणाले. मी घरी पेढे नेले.

मग पूर आले. काळी माती भिंतीसारखी उभी असते आणि पाणी ती खालून पोखरतं. वर पीक डोलत असतं. पूर ओसरला की अख्खी भिंत खाली बसते. आधी बांध गेला, मग मोटारीचं खोपट, मग उसाच्या सऱ्या. सातबाऱ्यावर रान आहे तेवढंच आहे. नांगरायला आलेला ट्रॅक्टरवाला मात्र मध्येच थांबला आणि म्हणाला, "मावशी, फुडं नदी हाय."

एकदा दौंडला जाताना मी पुलावर थांबून नीट बघितलं. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, जिथं पाणी जोरात आदळतं, तिथं काठ तुटलेला. आतल्या अंगाला पाणी मंद होतं, तिथं गाळ साठलेला. वरून माझी माती सुटत होती आणि खाली माझ्याच जुन्या रानात बसत होती. त्यावर सरांचं कलिंगड पसरलं होतं. पाण्यामागं पाइप ओढायच्या भानगडीत ते पडलेच नव्हते, त्यांनी गाळातच विहीर काढली होती.

तशीच त्यांच्या ओट्यावर गेले. हे तुम्हाला ठाऊक होतं का, असं चार माणसांत विचारलं.

"पुस्तकात हाय की सगळं. नदीचं कार्य."

"तो धडा तुम्ही शिकवलाच न्हाई. परीक्षेला येत न्हाई म्हणून सोडून दिला."

"मग? आला का परीक्षेला?" सर म्हणाले आणि ओटा हसला.

गुरूला असं बोलू नये, असं मला अजून सांगतात. मी बोलणार. दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवणं, उठून निघून जायचं नाटक करणं, हे सगळं मीही केलंय. पण कांदा घेणारा पोतं ओतून बघू शकतो. हे पोतं माझ्यापुढं ओतणं ज्यांचं काम होतं आणि ज्याचा पगार ते घेत होते, त्यांनीच त्याचं तोंड शिवून मला ते दिलं.

आता माझ्याकडे एक पट्टी उरली आहे. यंदाचा पूर यायच्या आत सरांनी ग्रामसभेत उभं राहावं. चहा नको, 'पोरी' नको. अदलाबदलीच्या दिवशी माझी माती कुठं जाणार हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं? आणि माहीत होतं, तर खालच्या रानातला माझा गाळ मला कधी देता? सर, उत्तर द्या.