चौकटीखालची सही

चित्रमालिकेतली शेवटची चौकट तो आधी काढायचा. डावखुरा होता; डावीकडून सुरुवात केली की ओली शाई मनगटाला लागायची. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "विनोद कुठे पोचणार ते आधी बघून ठेवावं. वाटेत मग काहीही होऊ दे."

दुबईतल्या एका इंग्रजी दैनिकात पानं वेळेवर छपाईला पाठवणं हे माझं काम. मी टेबलाशी उभी राहिले की तो दोन्ही हात वर करायचा. "शरण आलो, सार्जंट. पण बोक्याला मिशा तेवढ्या काढू दे."

हा बोका आणि त्याचा टकला मालक शारजातल्या एका इमारतीत राहायचे आणि एसीवाल्याची वाट बघायचे. एसीवाला "इन्शाल्ला, उद्या" म्हणून पसार व्हायचा. हा एसीवाला आपल्यावरूनच काढलाय, अशी आमच्या पॅन्ट्रीतल्या खेडच्या हसनभाईंची खात्री होती. "ताई, नाक माझंच आहे. त्याला सांगा, बूट तरी बरे काढ."

त्याचा बाप इंग्लंडच्या उत्तरेला बस चालवायचा. शाळा सुटताच हा लंडनला मुलांच्या एका चित्रसाप्ताहिकात लागला. आधी दुसऱ्यांच्या चित्रांतल्या संवादांच्या फुग्यांत अक्षरं भरली, मग स्वतः चित्रं काढली. तिथे चित्रकाराला सही करू देत नसत. एकदा याने कुत्र्याच्या पट्ट्यावर बारीक आद्याक्षरं लिहिली, तर संपादकाने ती पांढऱ्या रंगाने बुजवली. "आई शेजारणींना अंक दाखवायची," तो सांगायचा. "एकीनेही विश्वास ठेवला नाही. तशीच गेली."

साप्ताहिक बंद पडल्यावर तो अबुधाबीला आला, एका तेल कंपनीसाठी 'हेल्मेट घाला' अशी पोस्टरं काढायला. तीही बिनसहीचीच. चौकटीखाली त्याचं नाव पहिल्यांदा छापलं ते आमच्या दैनिकाने. त्या आनंदात त्याने करार वाचला नाही. तुम्हीआम्ही तरी इथे येताना कुठे वाचला होता? करारात बोका, टकला आणि हसनभाईंचं नाक, सगळं कंपनीचं होतं. त्याची सहीसुद्धा.

नवे संपादक आले. त्यांनी त्याला सांगितलं, व्हिसाचं नूतनीकरण होणार नाही, पुढची मालिका कॉम्प्युटर काढेल. जुनी सगळी चित्रं कॉम्प्युटरला शिकवून झाली होती. याने वाद घातला नाही. मालिका संपवायला शेवटचा आठवडा तेवढा मागितला. टकला वॉचमनला किल्ली देतो, बोक्याला टोपलीत घालतो आणि विमानतळावर जातो. चित्रं काढून तयार होती.

"वाचकांना टकला आवडतो," संपादक म्हणाले. "तो कुठेही जाणार नाही."

"मग माझं नाव काढा."

"नावामुळेच तर खपतो."

हसनभाई चहा ठेवताना मला म्हणाले, "काय माणूस आहे. आयुष्यभर नाव नाही म्हणून रडला, आता आहे म्हणून रडतो." मी त्याला ते इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, "माझी जागा यांना द्या."

निरोपाच्या केकवर कॉम्प्युटरने काढलेली मालिका छापली होती, खाली सहीसकट. त्याने सुरीने नेमका सहीचा तुकडा कापला आणि उभ्याउभ्या खाल्ला. "खलास. एक तरी गेली." सगळे हसले. तो हसत नव्हता.

कॉम्प्युटर चित्रं बरी काढतो, पण त्याची अक्षरं वाकडी येतात. म्हणून जुन्या चित्रातली सही कापून रोज नव्या चित्राखाली लावावी लागते. ते काम माझ्या विभागाकडे आलं.

मागच्या महिन्यात त्याच्या बहिणीची मेल आली. तो तिकडे इंग्लंडला एका हॉस्पिटलात वारला. संपादक म्हणाले, "छोटी बातमी घ्या. पण मालिकेच्या पानावर नको, वाचक गोंधळतील." बातमी आतल्या पानावर गेली, बोका आणि टकला नेहमीच्या जागी.

त्या दिवशी दुपारी शारजातल्या अल मजाजहून एका वाचक बाईंचा फोन आला. "आमच्यासाठी किती चित्रं काढून ठेवून गेला हो," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत काम करत होता बिचारा, नाही का?"

मी "हो" म्हणून फोन ठेवला. समोर स्क्रीनवर दुसऱ्या दिवशीची मालिका तयार होती. सही तेवढी लावायची राहिली होती.