चिंचेकडचा कॉर्नर

पनवेलचं फुटबॉल पनवेलमध्ये खेळणं हा पनवेलवर घोर अन्याय आहे, असा साक्षात्कार आमच्या थोरल्या दिरांना एका सकाळी चहा पिता पिता झाला. विलायतेतल्या कुठल्याशा मोठ्या लीगने आपले पॉइंटचे सामने परदेशात नेऊन खेळवायचा विचार चालवलाय, अशी बातमी पेपरात आली होती. भाईजाननी पेपराची घडी केली, मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "बघा, दुनिया कुठे चाललीय आणि आपण अजून मोहल्ल्यामागच्या मैदानात." मी भाकरी थापत होते. या माणसाच्या डोक्यात काहीतरी शिजतंय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

भाईजान आमच्या लीगचे सेक्रेटरी. लीग म्हणजे पनवेल, उरण, आपटा अशा आसपासच्या आठ टीम. प्रत्येकीने दुसरीशी एकदा आपल्या मैदानात खेळायचं आणि एकदा तिच्या. ज्याचे पॉइंट जास्त त्याला कप. कप पितळेचा, एक कान तुटलेला, आणि त्यासाठी दरवर्षी दोन-चार डोकी फुटायची. इतकी प्रतिष्ठा होती त्याला, माशाल्ला.

आमचं मैदान घराच्या मागेच. ते गाढी नदीच्या बाजूला चांगलं उतरतं, त्यामुळे दुसऱ्या हाफला आमची पोरं उतारावरून खाली धावायची आणि पाहुणी टीम टॉस हरली की तिथेच शिव्या द्यायला लागायची. बायकांनी मैदानात जायचं नाही, असा काही कायदा नव्हता. पण जायच्या नाहीत. त्यामुळे मॅचच्या दिवशी मोहल्ल्यातल्या झाडून साऱ्या गच्च्यांवर कपडे वाळत पडायचे. आदल्या दिवशी धुतलेले, वाळलेले कपडे मी पुन्हा ओले करून वर नेलेत. आमच्या गच्चीवरून सगळं मैदान दिसायचं, फक्त डावीकडचा एक कोपरा चिंचेच्या मोठ्या झाडामागे जायचा. तिथे काय चाललंय ते ओरड्यावरून ताडायचं.

हे सगळं मी बघायचे ते नवऱ्यासाठी. पहिली मॅच तेवढी सहज बघितली होती. लग्नानंतर दीडच महिन्यात तो मस्कतला परत गेला, एका घरी ड्रायव्हर म्हणून. दर शुक्रवारी फोन यायचा. "जेवलीस?" "हो. तुम्ही?" "हो." मग आम्ही दोघं गप्प. एकमेकांची ओळखच नव्हती तर बोलणार काय, डोंबल? एकदा असाच गप्प असताना मी सहज सांगितलं की रविवारी मागे मॅच झाली. "कोण जिंकलं ते सांगू नकोस," तो घाईघाईने म्हणाला, "पहिल्यापासून सांग." तो मस्कतला जायच्या आधी याच टीमकडून खेळायचा. मी सांगितलं. रेफरी कसा उशिरा आला, कोण कोणाच्या अंगावर धावून गेलं, म्हैस मैदानात शिरली तेव्हा ऑफसाइड कोण होतं, सगळं. तो मध्ये मध्ये "मग?" म्हणायचा. त्या दिवशी फोन ठेवताना मला पहिल्यांदा वाटलं की आपलं लग्न झालंय.

तेव्हापासून तेच. रविवार ते शुक्रवार तो तिथल्या पनवेलच्या माणसांपासून तोंड लपवून फिरायचा, कोणी निकाल सांगून टाकू नये म्हणून. चिंचेमागचं मात्र मी मनाने सांगायचे. कॉर्नर तिकडून असला की माझ्या गोष्टीत जास्तच रंग भरायचा. त्याला कुठे कळतंय, असं मला वाटायचं.

तर भाईजान. मस्कतला धंदा जमवलेले एक शेठ सुट्टीवर आले होते, त्यांच्या कानावर बातमी घातली गेली आणि शेठ पेटले. ठरलं! लीगची शेवटची मॅच, पनवेल विरुद्ध उरण, आमच्या घरच्या मैदानावरची, ती मस्कतला होणार. कशासाठी? "आपली जी माणसं परदेशात राबताहेत, त्यांच्यासाठी," भाईजान म्हणाले आणि त्यांचा गळा दाटून आला. शेठच्या दुकानाचा बोर्ड मैदानाच्या चारी बाजूंना लागणार होता, तो भाग गळा दाटल्यामुळे सांगायचा राहून गेला असावा.

मी एवढंच विचारलं, "भाईजान, जायचं तर दोस्तीची मॅच खेळा की. नाचा, शोरमा खा, फोटो काढा. पण पॉइंटची मॅच? आपलं मैदान, आपला उतार, आपली माणसं, ते सोडून सपाट गवतावर जायचं आणि वर तिला घरची मॅच म्हणायचं?"

"तुला त्यातलं काय कळतं?" भाईजान म्हणाले. हा माणूस प्रत्येक मॅचला मैदानाकडे पाठ करून चहावाल्याशी हुज्जत घालत बसायचा, हे मी गच्चीवरून कित्येकदा बघितलं होतं. पण मोठ्या दिराला असं कोण सांगणार?

उरणवाले तरी अडवतील म्हणून मी दुवा मागत होते. त्यांचा कॅप्टन घरी आला, पडद्याआडून मी ऐकलं. "इमानान बसाला मिलतं ना? मंग आमाला काय, आमी चंद्रावं पन खेलू." झालं, विमानापुढे संपला विरोध.

मग टीम निवडली गेली. निवडीचा नियम सोपा होता: ज्याच्याकडे पासपोर्ट तो खेळाडू. आमचा गोली कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीवरचा, दिवसभर वीटभट्टीवर काम करून यायचा आणि त्याच्या हातून बॉल सुटलेला मी बघितला नव्हता. त्याच्याकडे पासपोर्ट कुठला? त्याच्या जागी भाईजानचा मेहुणा गोलमध्ये उभा राहणार होता. मेहुण्याला बॉलची भीती वाटायची, पण पासपोर्ट एकदम करकरीत होता.

या सगळ्या सर्कशीचं मला हसू यायचं. पण खरं सांगते, नुसतं हसू येत नव्हतं. नवरा तिकडे हवेत होता. फोनवर मला म्हणाला, "या वेळी तू नको सांगूस. मी बघणार आणि मी तुला सांगणार!" तो इतका खूश होता की मी "हो हो" म्हटलं. आणि मनात म्हटलं, मेलं, हा काय सांगणार? त्याने एकदा तिथली मोठी मॅच बघितली होती. कशी झाली, असं विचारल्यावर म्हणाला होता, "मस्त. लायटी होत्या." बस्स. एकदा डोळ्यांनी बघितल्यावर त्याला माझ्या तोंडून ऐकायचं कशाला लागेल? त्यात भाईजान आता दरवर्षी मॅच न्यायची भाषा करत होते. आमच्याकडे बोलायला दुसरं होतं काय? पुन्हा "जेवलीस?" "हो. तुम्ही?" यावर यायचं, याची मला भीती वाटत होती.

निकाल आत्ताच सांगून टाकते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आम्ही हरलो. मेहुण्याने दोन गोल खाल्ले आणि एक आपल्याच हाताने आत टाकला. भाईजान परत आल्यावर म्हणाले, "हार-जीत महत्त्वाची नाही." कप उरणला गेला. पण हे सगळं मला दुसऱ्या दिवशी कळलं.

त्या शुक्रवारी, मॅच सुरू व्हायच्या सुमाराला, मी सवयीने कपडे घेऊन गच्चीवर निघाले. सासूबाई म्हणाल्या, "आज कशाला वर? खाली कुत्रं नाही बघायला." कुत्रं होतं. गोलपोस्टपाशी झोपलं होतं. दोन शेळ्या मधल्या रेषेवर चरत होत्या. आजूबाजूच्या गच्च्या रिकाम्या होत्या. मी उगाच कपडे झटकत उभी राहिले आणि तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, मॅच सोडून फोन कसला करताय?" मी म्हटलं.

"मी पार्किंगमध्ये आहे."

"स्टेडियमच्या?"

"नाही गं. लग्नाच्या हॉलच्या." अरबाबने, म्हणजे त्याच्या मालकाने, महिन्याआधी सुट्टी कबूल केली होती. पण मालकिणीच्या नात्यात लग्न निघालं आणि दुपारी हुकूम सुटला, गाडी काढ. "इथून स्टेडियमच्या लायटींचे खांब दिसतात," तो म्हणाला. "मध्ये एकदा लोक ओरडल्यासारखं वाटलं. काच खाली केली, पण रस्त्याचाच आवाज असेल."

माझी सटकली. मी त्या अरबाबला बोलले, मालकिणीला बोलले, शेठला, भाईजानना, त्या विलायतेतल्या लीगलासुद्धा सोडलं नाही. अख्खी मॅच उचलून समुद्रापार नेली ती कोणासाठी? परदेशात राबणाऱ्या माणसांसाठी! आणि राबणारा माणूस दुसऱ्याची गाडी राखत बसलाय, शाब्बास! तो सगळं ऐकून घेत राहिला. मग माझा श्वास संपला.

"झालं?" तो म्हणाला. "आता सांग."

"काय सांगू?"

"मॅच."

"मी काय सांगू? इथे शेळ्या चरताहेत."

"कोण जिंकलं ते नको सांगूस. पहिल्यापासून सांग."

मी कठड्याला टेकले. शेळ्यांकडे बघितलं. आणि सुरू केलं. रेफरी उशिरा आला. उरणवाले टॉस हरले आणि शिव्या द्यायला लागले. गोलमध्ये आमचा वाडीवरचा गोली उभा राहिला, भट्टीची धूळ अंगावर तशीच. "मग?" तो म्हणाला. उरणने पहिला गोल केला, मग म्हैस आली, मग हाफ टाइम झाला. तो म्हशीला हसला. दुसऱ्या हाफला आमची पोरं नदीच्या बाजूला उतारावरून सुटली आणि एकाने असा गोल हाणला की जाळी असती तर फाटली असती. बरोबरी झाली. वेळ संपत आली आणि आम्हाला कॉर्नर मिळाला.

"कुठल्या बाजूचा?" त्याने विचारलं.

"चिंचेकडचा."

त्याने काच वर केली, तिकडचा रस्त्याचा आवाज बंद झाला. मग म्हणाला, "मग नीट सांग. त्या गच्चीवरून चिंचेमागचं काही दिसत नाही, मला माहीत आहे. त्याच घरात वाढलोय मी. तिकडचं तू सगळ्यात छान सांगतेस."

मी पदराने नाक पुसलं आणि कॉर्नर घेतला.