कुंकवाचं बोट

वत्सलाबाईचं एक होतं. घरात नवीन वस्तू आली की हळदकुंकू लावल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. विळा असो, मिक्सर असो, नाहीतर दिराची मोटरसायकल. धसईच्या बाजारात भाजी विकायला नवा तराजू घेतला, तर आधी त्याला बोट लागलं, मग वांगी. लोक हसायचे. हसेनात का, त्यात कुणाचं काय बिघडत होतं? मनस्वी ती डबी घेऊन येईस्तोवर काहीच बिघडलं नव्हतं.

मनस्वी तिची लेक, मुंबईच्या प्रयोगशाळेत. "करतेस तरी काय गो तिथं? एकदा दाखव तरी," हे टुमणं आईचंच. म्हणून परदेशी निघायच्या आदल्या दिवशी पोर वाट वाकडी करून घरी आली. डबीत सिलिकॉनच्या स्फटिकाची नखाएवढी पातळ पट्टी होती, धातूच्या पकडीत जराशी वाकवून बसवलेली.

"आये, ह्याच्यात इलेक्ट्रॉन सोडायचे. शेतात पाट वळला की पाणी वळतं ना, तसे ते ह्या वाकाबरोबर वळतात. वळताना त्यांच्यातून किरण निघतात, ते मला मोजायचेत. तिकडच्या मशीनवर दोन वर्षांनी माझा नंबर लागलाय. हात नको लावू हां."

"नाय गो, मी कशाला लावते!" वत्सलाबाई म्हणाली, आणि तेव्हा ते अगदी खरं होतं.

सकाळी लेक आंघोळीला गेली. देवपूजा नुकती आटपली होती, करंडा हातातच होता. एवढ्या लांब निघालेली वस्तू बिनकुंकवाची कशी पाठवायची? तिने डबी उघडली. बोट अगदी हलकं टेकवलं हो! टिक् आवाज झाला नि पट्टीचे दोन तुकडे झाले.

मनस्वी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने तुकडे उचलून डबीत ठेवले. "असू दे आये, दुसरी बनवीन." पण दुसरी बनवायला महिने लागतात आणि नंबर कुणासाठी थांबत नाही. तिच्या जागी दुसऱ्याच कुणाचा प्रयोग झाला. करायला गेली गणपती नि झाला मारुती! आजही भाजी निवडताना वत्सलाबाई मध्येच म्हणते, "मेलं माझंच बोट!"

यंदा दसऱ्याला मनस्वी घरी आली. विळे, कोयते, तराजू पुजून झाले. तिने आपला नवा लॅपटॉप आणून चौरंगावर ठेवला. "ह्याला लाव ना, आये."

वत्सलाबाईचं बोट कुंकवात बुडलेलं होतं. ते लॅपटॉपपर्यंत गेलं नि तिथंच थांबलं. तिने ते पदराला पुसलं.

"तूच लाव, बाय," ती म्हणाली.