केवळराम रामटेके मुलाखत घेतात

केवळराम रामटेके हे एसटीचे निवृत्त कंडक्टर. तीन वर्षांपासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते तिरोड्याहून गोंदियाला डायलिसिससाठी येत. तिथल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात पाच मशिनी होत्या. त्या चालवणारा अश्विन नोकरी सोडून नागपूरला चालला होता, आणि नव्या माणसाच्या मुलाखतीच्या दिवशीच मोठे डॉक्टर येऊ शकले नाहीत. त्यांनी दहा प्रश्न उत्तरांसकट मोबाईलवर पाठवले.

ट्रस्टी श्यामलालजी धानाचे व्यापारी. त्यांनी प्रश्नांचा कागद केवळरामांपुढे सरकवला. "रामटेकेजी, आप पूछिए। हमको तो मशीन का म भी नहीं मालूम।"

"मले तरी कुठं मालूम? मी त नुसता झोपून राहतो," केवळराम म्हणाले. पण नाही म्हणवेना. जो निवडला जाईल, तोच त्यांच्या हातात दोन जाड सुया टोचणार होता. सकाळपासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

आधी उमेंद्र पटले आला. केवळराम अडखळत इंग्रजी प्रश्न वाचत, आणि तो प्रश्न संपायच्या आत उत्तर देई. दहापैकी दहा बरोबर. केवळराम आणखीच बेचैन झाले. पाठ करून तर कोणीही येईल. त्यांनी कागद पालथा ठेवला.

"माझं वजन चार दिवसांत साडेतीन किलो वाढलं. मंग काय करान?"

"सगळं पाणी काढून टाकू, सर. चार तासांत मोकळे!"

केवळरामांना बरं वाटलं. हा किटकिट करणारा दिसत नव्हता.

मग दुर्गेश्वरी बिसेन आली. तिची सातच उत्तरं बरोबर निघाली. केवळरामांनी तिलाही वजनाचं विचारलं.

"साडेतीन किलो काऊन वाढलं, काका?"

"प्रश्न मी विचारून राहिलो नं?"

"हो जी. पण एवढं पाणी एकदम ओढलं त बीपी पडते, पायात गोळे येतेत. तुम्हाले येतेत का?"

मागच्याच मंगळवारी पायात गोळे येऊन केवळराम ओरडले होते. दुर्गेश्वरीने वाकून त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. सुजेत खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"आज किती पाणी पेलं?"

"एक गिलास."

तिने नडगीवरच्या खड्ड्याकडे बोट दाखवलं.

"तीन," केवळराम पुटपुटले. "अन् दोन चहा." श्यामलालजींसमोर त्यांचे कान तापले.

ती बाहेर गेल्यावर श्यामलालजी म्हणाले, "लड़का ले लेते हैं। दस में दस।"

केवळरामांनाही तेच हवं होतं. ते उठले, व्हरांड्यात दोन फेऱ्या मारल्या. आत खिडकीजवळच्या मशीनवर दुसरा पेशंट बकाराम डोळे मिटून पडला होता. त्याला गरगरलं तरी तो कधी आवाज देत नसे. दोनदा केवळरामांनीच ओरडून अश्विनला बोलावलं होतं.

ते परत आले. "पोरीले घ्या."

"क्यों?"

"ते विचारते."

पहिल्याच शुक्रवारी दुर्गेश्वरीची सुई चुकली. दुसऱ्या खेपेला लागली, पण हात निळा पडला. वजन पुन्हा साडेतीन किलो वाढलेलं. तिने अडीचच किलो पाणी काढलं.

"बाकीचं उद्या काढू, काका. सकाळी या."

"उद्या? डबल चक्कर मले कायले?"

"तीन गिलास तुम्ही पेले. मी नाही," ती म्हणाली आणि बकारामचं बीपी बघायला वळली.

त्या दिवशी गोळे आले नाहीत. तरी तिरोड्याच्या बसमध्ये केवळराम धुसफुसतच होते. शेजारच्याने पाण्याची बाटली पुढे केली, तेव्हा त्यांनी ती हातात घेतली, जरा वेळ धरून ठेवली आणि झाकण न उघडता परत दिली.