जत्रेला आणलेला पाहुणा

कळमेश्वरपासून दीड कोसावर बोरझरी नावाचं गाव आहे. तिथे मारोतीची जत्रा भरते ती चैत्रातल्या शेवटच्या रविवारी. जत्रा तशी एका दिवसाची. सकाळी दिंडी, दुपारी काला, ऊन कललं की कुस्त्यांची दंगल आणि दिवे लागायच्या आत पाहुणे आपापल्या वाटेला. पण त्या एका दिवसासाठी गाव महिनाभर आधीपासून सारवण-पोतेऱ्याला लागायचं. कोणाच्या घरी किती माणसं आली हे बोरझरीत वर्षभर बोललं जाई. काल्याला जाता-येता बाया प्रत्येक ओसरीपुढच्या वहाणांवर नजर टाकत, आणि ती नजर चुकत नसे.

रुपराव डाखोळ्यांच्या ओसरीपुढे एके काळी पाय ठेवायला जागा राहत नसे. चार एकर संत्र्याचा बगीचा, एक बैलजोडी, घरात दोघंच नवरा-बायको. मूलबाळ झालं नाही. रुपराव अबोल. बोलायचं सगळं काम त्यांच्या बायकोकडे, सुभद्राकडे होतं. तिचे दोन भाऊ, एक बहीण, मावसभावंडं, त्यांची पोरंसोरं, सगळी जत्रेला यायची. रुपराव मागच्या अंगणात गोवऱ्यांचा आर करून त्यात कणकेचे रोडगे भाजत बसायचे. राखेतून रोडगा काढायचा, फडक्यात झटकायचा, फोडून तुपात बुडवायचा आणि आत पाठवायचा. आत हसण्या-खिदळण्याचा नुसता गलका. कोणी हाक मारली, “भाऊजी, या न आत,” तर म्हणायचे, “हे एवढे काढून येतो.” आणि जात नसत. त्यांना तिथेच बरं वाटे. घर भरलेलं आहे, हे भिंतीपलीकडून ऐकू आलं की त्यांना पुरे होई.

एकाहत्तरच्या पावसाळ्यात सुभद्रा काविळीनं गेली. पुढची जत्रा वर्षाच्या आतली, तेव्हा कोणी आलं नाही यात नवल नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षी रुपरावांनी स्वतः बसून सहा कार्डं लिहिली. थोरल्या मेव्हण्याचं उत्तर आलं की वैरणीची टंचाई आहे, गुरं सोडून निघता येत नाही. बाकीच्यांचं काहीच आलं नाही. सुभद्राची धाकटी बहीण पंचफुला कन्हानला राहायची, नवरा कोळशाच्या खाणीत होता. तिचंही नाही. तरी रुपरावांनी चाळीस रोडगे केले. दुपारी शेजारचा चंद्रभान बोलवायला आला.

“चाल न गा रुपरावभाऊ, आमच्याकडं पान मांडलं हाये.”

“पाहुणे यायचे हायेत माह्ये,” रुपराव म्हणाले.

चंद्रभान थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. रुपरावांनी दोन रोडगे खाल्ले, उरलेले बैलांना चारले आणि समोरचं दार लोटून घेतलं.

चौऱ्याहत्तरच्या जत्रेला त्यांनी कोणालाच कार्ड धाडलं नाही. पहाटे कणीक मळून, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवली, रेंगीला बैल जुंपले आणि सरळ कळमेश्वरच्या स्टँडवर जाऊन थांबले. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बोलावलं नाही म्हणून कोणी रुसून तरी येईल, असं काहीतरी मनात असावं. नागपूरची गाडी आली, काटोलची आली. माणसं उतरली. बायांच्या डोक्यावर गाठोडी, पोरांच्या अंगात नवे सदरे. ज्याची-त्याची गाडी ज्याला-त्याला घेऊन गेली. दहाच्या सुमाराला स्टँड रिकामा झाला. बाकावर एकटा माणूस बसून होता. चाळिशीचा, डोळ्याला चष्मा, पायाशी एक लाकडी पेटी.

रुपराव उगाच त्याच्यापुढून दोनदा गेले. मग विचारलं, “कोणाकडं जाऊन राहिले?”

“जाऊन कुठी राहिलो, बाप्पा! अडकून राहिलो,” तो माणूस हसत म्हणाला.

त्याचं नाव ताराचंद. नागपूरला इतवारीत राहायचा, शिवणाच्या मशिनी दुरुस्त करायचा. कळमेश्वरच्या एका शिंप्यानं तीन मशिनी बिघडल्याचा निरोप धाडला म्हणून पहिल्या गाडीनं आला, तर दुकानाला कुलूप. शिंपी बोरझरीच्या जत्रेला गेलेला. परतीची गाडी रस्त्यात बिघडली होती, आता तीनशिवाय दुसरी नव्हती.

“जेवले का?”

“भजे खाल्ले दोन.”

“मंग चाला,” रुपराव म्हणाले.

“कुठी?”

“घरी. आमच्याच गावची जत्रा हाये. तीनच्या आत आणून सोडतो.”

ताराचंदनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. टोपी स्वच्छ धुतलेली, धोतर कडक. त्यानं पेटी उचलली.

गाव दिसायला लागलं तशी रुपरावांनी रेंगी बाभळीखाली थांबवली. कासरा हातात फिरवत, बैलांच्या पाठीकडे बघत ते म्हणाले, “एक सांगतो. कोणी पुसलं तर माह्ये साडभाऊ हाव म्हणा.”

“साडभाऊ?”

“घरवालीच्या मावसबहिणीचा मालक. इतवारीतला. घरवाली नाही राहिली आता. पण... म्हणा.”

ताराचंदनं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाला, “मावसबहिणीचं नाव काय मंग? माह्या बायकोचं नाव पुष्पलता हाये. चालन?”

“चालन,” रुपराव म्हणाले, आणि किती तरी दिवसांनी त्यांना हसू आलं.

त्या दिवशी रुपराव जेवढं बोलले तेवढं वर्षात बोलले नसतील. पाहुण्याच्या पायावर पाणी घातलं. वांग्याची तर्रीदार भाजी, वरण, रोडगे. बगीच्याचं सांगितलं, सुभद्राचं सांगितलं. ताराचंदनं चार रोडगे खाल्ले, पाचवा नको नको म्हणत खाल्ला. हात धुताना त्याच्या पेटीकडे शेजारच्या जयवंताचं लक्ष गेलं. ती चंद्रभानची बायको.

“कोण पाहुणे हो भाऊजी?”

“साडभाऊ. इतवारीचे. मशिनीचं काम करतात.”

“अगं बाई! माही मशीन संक्रांतीपासून बंद पडून हाये. पाहाल का हो जरा?”

ताराचंदनं रुपरावांकडे पाहिलं. “जा न,” ते म्हणाले, “घरचंच हाये.”

अर्ध्या घटकेचं काम, पण ताराचंद तासभर आला नाही. रुपरावांनी पानाचा विडा लावून ठेवला. भिंतीपलीकडून मशिनीची खडखड ऐकू आली, मग चहाच्या कपांचा आवाज, मग चंद्रभानचं मोठ्यानं हसणं. काला सुटला तेव्हा ताराचंद गडबडीनं परतला. रुपरावांनी बैल जुंपले. स्टँडवर तीनच्या गाडीत चढताना त्यानं त्यांचे दोन्ही हात धरले.

“पुढल्या वर्षी येतो रुपरावजी. पुष्पलताले घेऊन, पोरीले घेऊन येतो.”

तो मनापासून बोलत होता. रुपरावांनीही ते मनापासून धरलं. दिवाळीनंतर त्यांनी बाज नवी विणून घेतली. बाईमाणूस येणार, लहान पोर येणार, म्हणून न्हाणीला तट्ट्याचं दार बसवलं. पत्र लिहायचं त्यांच्या फार मनात होतं. पण पत्ता विचारून घ्यायचं राहून गेलं होतं, तो मशिनीच्या कामापायी चंद्रभानकडे असणार, पण आपल्याच साडभावाचा पत्ता शेजाऱ्याला विचारायचा तरी कसा?

पंच्याहत्तरच्या जत्रेला ते साडेसातलाच स्टँडवर हजर. नऊच्या गाडीतून ताराचंद उतरला. मागून हिरव्या लुगड्यातली बाई आणि वेण्या घातलेली सात-आठ वर्षांची पोर. रुपराव टोपी सावरत पुढे झाले.

“आले का! आले!”

ताराचंदचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. रुपरावांच्या मागे बघत तो म्हणाला, “रुपरावजी... तुम्ही इथी?”

रुपरावांनी वळून पाहिलं. बोरीच्या झाडाखाली चंद्रभान आपल्या गाडीवरून उतरत होता.

“चंद्रभानजीचं कार्ड आलं होतं,” ताराचंद हळू आवाजात म्हणाला. “वर्षात दोन-तीनदा मशिनीच्या सामानासाठी दुकानावर आले, त्यानं ओळख वाढली. जत्रेले आमच्याकडंच या म्हणे. मी म्हटलं, तुमचं न त्यांचं घर एकच...”

“हाव न, एकच हाये,” रुपराव म्हणाले. “मी दुसऱ्या पाहुण्यासाठी आलो. कन्हानचे येऊन राहिले. तीनच्या गाडीनं.”

“तुमच्याकडं येतोच मंग संध्याकाळी.”

“या न.”

पोरगी गाडीत चढताना रुपरावांनी तिला हात दिला. गाडी दिसेनाशी झाली. आता रुपरावांना लगेच घरी जाणं शक्य नव्हतं. तीनपर्यंत थांबणं आलं. त्यांनी बैल सोडून सावलीला बांधले, हौदावर पाणी दाखवलं आणि बाकावर बसून राहिले. उन्हानं डांबर पातळ झालं होतं. हॉटेलवाला दोनदा म्हणाला, “काका, आत या.” ते गेले नाहीत. तीनची गाडी आली. तिच्यातून दोन पोलीस आणि एक कोंबडीवाला उतरला. मग रुपरावांनी बैल जुंपले.

पाच वाजता ताराचंद एकटाच आला. नव्या बाजेवर बसला. रुपरावांनी चहा केला.

“कन्हानचे?” ताराचंदनं विचारलं.

“नाही जमलं त्याईले.”

ताराचंद कप फिरवत राहिला. “रुपरावजी, मले खोटं बोलता नाही येत. त्या दिवशी मशीन उघडून बसलो न, तर जयवंताबाईनं पुसलं, सुभद्राबाईचं माहेर कोणतं, तुमचं लग्न कुठी झालं. दोन सवालात अडकलो. मंग सांगून टाकलं खरं काय ते.”

“मंजे चंद्रभानले माहीत होतं?”

“पहिल्याच दिवशी. पण मले शपथ घातली त्यानं, म्हणे रुपरावभाऊले कळू देऊ नका. चांगला माणूस हाये तो.”

चांगलाच होता. वर्षभरात रोज बांधावर भेटला, संत्र्याच्या भावाचं बोलला, विहिरीच्या मोटारीचं बोलला. ‘तुमचा साडभाऊ कसा हाये’ असं त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. रुपरावांनी ती बाज विणून घेतली तेव्हा तो उभा राहून बघत होता. सगळी आळी जाणत असणार. त्याच्यावर रागावता आलं असतं तर रुपरावांना सोपं गेलं असतं.

“पोरीले आणायचं होतं न,” ते म्हणाले.

“झोपली ते. खेळून थकली.”

ताराचंद गेल्यावर रुपराव बराच वेळ ओसरीत बसून होते. त्यांना त्याची चूक दिसेना. तिथे पोरीला खेळायला पोरं होती, बायकोशी बोलायला बाई होती. इथे काय होतं? एक म्हातारा होत चाललेला माणूस आणि राख.

त्यानंतर जत्रेच्या रविवारी रुपराव गावात थांबेनासे झाले. चंद्रभानला सांगायचे, “कन्हानचं बोलावणं हाये,” आणि पहिल्या गाडीनं नागपूर गाठायचे. पहिल्या वर्षी ते महाराजबागेत जाऊन बसले. सुटीचा दिवस, माणसांची ही गर्दी. कोणी डबे उघडलेले, कोणी पोरांना वाघ दाखवत होतं. एका बाईनं गवतावर सतरंजी अंथरता अंथरता विचारलं, “बाबा, तुमची मंडळी कुठी हाये?” त्यांनी पिंजऱ्यांकडे हात केला आणि उठून दुसरीकडे गेले. तहसील कचेरीजवळच्या रसवंतीत उसाचा रस प्यायले, संध्याकाळपर्यंत स्टेशनच्या बाकावर बसले. दुसऱ्या वर्षीही तेच.

अठ्ठ्याहत्तर साली मात्र ते नागपूरला उतरून खरोखरच कामठीकडच्या गाडीत बसले. आपण कुठे चाललोय हे त्यांनी स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. कन्हानला पंचफुलाचं दार वाजवलं. तिनं दार उघडलं आणि हातातला तांब्या खालीच टेकवला.

“काहून आले भाऊजी? काय झालं? कोण गेलं?”

“कोणी नाही वं. आलो असाच.”

तिला ते पटायला वेळ लागला. मग तिनं पाट मांडला, शेजारून आंबट दही आणलं. जेवताना रुपरावांच्या तोंडून निघून गेलं, “कार्ड धाडलं होतं मी. त्र्याहत्तरले.”

“मिळालं होतं,” पंचफुला म्हणाली. तिचे हात भाताच्या गंजातच राहिले. “आम्ही म्हटलं, घरात बाई नाही, भाऊजी एकटे किती मरतीन चुलीपाशी? थोरली वहिनी म्हणे, त्याईले काहून त्रास द्या. कोणी कोणाले पुसलंच नाही मंग.”

“रोडगे तं मीच करत होतो,” रुपराव म्हणाले. “आधीबी.”

तिनं त्यांच्या ताटात भात वाढला. तिच्या नवऱ्यानं विडी पेटवली आणि खाणीतल्या पाळ्यांचं काहीतरी सांगायला लागला. जेवण झाल्यावर रुपराव ताट घेऊन मोरीकडे निघाले तेव्हा तिनं ते त्यांच्या हातातून ओढून घेतलं. “बसा तिकडं,” ती म्हणाली, जरा रागानंच. दुपारी सगळी झोपली. रुपराव बाहेरच्या खोलीत, अनोळखी कॅलेंडरांखाली, पंख्याची घरघर ऐकत चारच्या गाडीची वाट बघत बसले.

तरी ते पुढल्या वर्षी गेले, त्याच्या पुढच्याही. पंचफुलाला सवय झाली. ती दही आधीच लावून ठेवू लागली. तिचा नवरा त्यांच्यासाठी विडीबंडल आणून ठेवायचा, ते विडी ओढत नाहीत हे त्याच्या कधी लक्षातच आलं नाही. बोलणं थोडंच होई. बोरझरीला या, असं त्यांनी पुन्हा म्हटलं नाही आणि ती आली नाही. ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात ती दारापर्यंत पोचवायला आली आणि म्हणाली, “भाऊजी, जत्रेचीच काहून वाट पाहता? एखाद रविवारी मधातबी येत जा.”

“पाहतो,” रुपराव म्हणाले.

भाद्रपदात एकदा ते गेले. पिशवीभर भुईमुगाच्या ओल्या शेंगा नेल्या होत्या. घराला कुलूप होतं, मंडळी कुठे गावाबिवाला गेली असावी. त्यांनी शेंगा शेजारणीकडे दिल्या. कोण आलं होतं म्हणून सांगू, असं तिनं विचारलं, तेव्हा ते रिकाम्या पिशवीची घडी करत म्हणाले, “बोरझरीचे भाऊजी.”